शेपटीवाला ठिपका

४ मार्च

बाबा,

शाळेत पत्र लिहायला शिकवलं त्या दिवशी मी बाकाखाली होते, पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधत. त्यामुळे वर काय लिहायचं, डोकं कुठे टेकवायचं, काही येत नाही. टेकवलंय असं समजा.

फोन तुम्ही उचलत नाही. आत्या उचलते आणि म्हणते, झोपलेत. सकाळी दहाला झोपलेत, दुपारी चारला झोपलेत. जो माणूस रविवारीसुद्धा सहाला उठून भांडी आपटत आम्हाला उठवायचा, तो एवढा झोपतो होय? म्हणून लिहितेय. तुमचाच नियम आहे, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, काय ते लिहून दे.

पाकिटाच्या जोडावर लाल ठिपका दिलाय तो बघा. अगदी तुमच्यासारखा, उजवीकडे बारीक शेपटी. कारखान्यात तपासलेल्या रिलेच्या स्क्रूवर तुम्ही देता तसाच. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका फुटतो आणि चोरी पकडली जाते. तसंच हे पाकीट उघडलंत की ठिपका फुटेल. घरी आलात की मी सगळी पाकिटं तपासणार. पळवाट नाही.

आई बरी आहे. तुमची चादर रोज झटकते आणि परत तशीच घालते. मांजरीच्या नाकावरचा ठिपका अजून पुरता गेलेला नाही. आठवतं ना? मी रंगाची बाटली घरी आणली होती आणि एका संध्याकाळी घरातलं सगळं 'पास' करून टाकलं होतं. घड्याळ, मांजर, आईची चप्पल, आणि तुम्ही खुर्चीत डुलकी घेत होतात तर तुमचं टक्कल. दुसऱ्या दिवशी तसेच कारखान्यात गेलात. पॅकिंगच्या मावशीने विचारलं, साहेब, तुम्हाला कुणी तपासलं? मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण तुम्ही आरशात बघून म्हणालात, पोरीचा हात बसलाय. रागावला नाहीत. रागवायला हवं होतं.

बाबा कुठे गेलेत असं लोक विचारतात. मी सांगते, आत्याचं छप्पर गळतंय, तिथे गेलेत. शेजारचे काका म्हणाले, डोळे गेले म्हणे त्यांचे, का डोकं? मी म्हटलं, तुमचं जागेवर आहे का ते आधी चाचपा.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर हसले ते तसं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.

छप्पर झालं असेल तर या.

तुमची
चिमटी


१९ मार्च

बाबा,

उत्तर नाही. बरं. टपालवाल्याला मी दोनदा अडवलं, आता तो आपल्या गल्लीत शिरला की सायकल जोरात मारतो.

कारखान्याचं सांगते. तुमच्या टेबलावर फुग्याने स्वतःचा भाचा आणून बसवलाय. मालकाला फुगा म्हणू नकोस असं तुम्ही शंभरदा सांगितलंत, पण तो आमच्यावर फुगतो आणि अणुवीज केंद्रातून फोन आला की त्याची हवा जाते, त्याला मी काय करू? केंद्राचं काम सध्या बंदच आहे. लिफ्टवाल्यांचे रिले तेवढे चालू आहेत. भाचा ते गरम पेटीत घालतो आणि स्वतःला भूक लागली की बाहेर काढतो. भूक त्याला लवकर लागते.

'थांबा' म्हणणारं कुणी उरलं नाही. तुम्हाला सगळे मागून थांबामास्तर म्हणायचे ना, ते नाव मी ठेवलं होतं. सोळा तास रिले गरम पेटीत, मग गरम असतानाच पन्नास वेळा चालू-बंद, आणि अठ्ठेचाळीसला कुणी 'झालं' म्हटलं की तुमचं 'थांबा'. चार वर्षं मी तुमच्या शेजारच्या बेंचवर चिमट्याने तारा बसवतेय, एकही रिले अडकलेला पाहिला नाही. मला वाटायचं, हे तुमचं खूळ आहे. काही म्हातारे कबुतरांना दाणे घालतात, आमचे रिले शेकतात.

त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही. मग मीच बोलते. केंद्राचा तो उंच मानेचा इंजिनिअर आला होता, मी ज्याला जिराफ म्हणते तो. त्याने तो रिले, साबणाच्या वडीएवढा विजेचा खटका, तुमच्यासमोर ठेवला. म्हणाला, दर महिन्याला आम्ही मुद्दाम वीज तोडून बघतो. वीज गेली की हा रिले लागायला पाहिजे, दहा सेकंदांत डिझेल इंजिन सुरू व्हायला पाहिजे, आणि अणुभट्टी थंड ठेवणारे गार पाण्याचे पंप इंजिनावर चालायला पाहिजेत. रिले गरम होऊन आतल्या आत अडकला. इंजिन ढिम्म. चाचणी होती म्हणून निभावलं. खरंच वीज गेली असती आणि पंप बंद राहिले असते, तर... फुग्याची हवा तिथेच गेली.

तुम्ही भिंग घेतलंत. ठिपक्याकडे इतका वेळ बघत होतात की कुणाचा तरी चहा गार झाला. मग मान वर केलीत आणि सगळ्यांच्या देखत मला विचारलंत, "चिमटे, त्या दिवशी मी पेटी लावली होती का गं?"

मी म्हटलं, "बाबा, मला काय विचारता? मला सकाळी काय खाल्लं तेसुद्धा आठवत नाही."

सगळे हसले. जिराफसुद्धा जरासा हसला. मीही हसले.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "मग ठिपका माझाच. न तपासता दिला असणार. त्या खेपेचे चोवीसच्या चोवीस आजच काढा."

ॲप्रन काढून घडी केलीत. बटणं लावून घडी केलीत, जसं काही उद्या घालायचाच आहे.

माझा विनोद तेवढा वाईट नव्हता. वेळ वाईट होती.

चिमटी


९ एप्रिल

बाबा,

आईने तुमच्या गोळ्यांचं नवीन पाकीट दिलंय, टपालात टाक म्हणून. गोळ्या विसरण्यावरच्या आणि 'विसरू नकोस' हे ती मलाच दहादा बजावतेय. मी टाकलं नाही. टाकलं असं तिला सांगितलं. पाकीट माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे आणि चालताना खुळखुळतं. का ते विचारू नका. आत्या म्हणाली, गोळी घेतली की तुमचा हात थरथरतो आणि दिवसभर डोळा लागतो. मग नका घेऊ. डॉक्टरपेक्षा जास्त शिकलेली नाही मी, पण नका घेऊ.

तुम्ही तळहातावर लिहायला लागलात ते मला सारखं दिसतं. जानेवारीच्या शेवटी सुरू केलंत ना? 'पेटी लावली ८.१०'. 'किल्ली उजव्या खिशात'. एकदा 'जेवलो' असं लिहिलं होतं. तुम्ही डुलकी घेत होतात तेव्हा मी त्याखाली लिहिलं, 'पुन्हा जेवा'. उठून वाचलंत आणि खरंच स्वयंपाकघरात गेलात. आई म्हणाली, अहो, आत्ताच तर जेवलात. तुम्ही दारात उभे राहून हाताकडे बघत राहिलात. मी गादीत तोंड खुपसून हसत होते.

आता ते आठवलं की गादीत तोंड खुपसते, पण हसू येत नाही.

दुसरी बातमी. पॅकिंगच्या मावशीचा पोरगा केंद्रात पर्मनंट झाला. गार पाण्याच्या पंपांच्या खोलीत. पोचला की रोज मावशीला फोन करतो, 'पोचलो गं' म्हणतो आणि ठेवतो. मावशी तेवढ्यासाठी फोन पदराला बांधल्यासारखा जपते. मला म्हणते, तुझ्या बाबांनी तपासलेला माल आहे तिथे, म्हणून मला घोर नाही. एक ती चोवीसची खेप सोड, माणूस आहे, चुकतो. पण बाकी सगळं त्यांच्या हातचं.

मला ते ऐकवत नाही. मी पाणी प्यायला जाते. हल्ली मी फार पाणी पिते.

एक गंमत सांगायची आहे तुम्हाला. गंमत नाही म्हणा. पण ती समोर सांगण्यासारखी आहे. कधी येता?

चिमटी


३ मे

बाबा,

तीन पत्रं झाली. मांजरसुद्धा तीनदा हाक मारली की कान हलवते.

आता ऐका, एका दमात सांगते. त्या चोवीस रिलेंवरचे ठिपके तुमचे नव्हते, माझे होते.

त्या दिवशी तुम्ही दुपारी डॉक्टरकडे गेलात, विसरण्याचं दाखवायला. चोवीस रिले टेबलावर तसेच होते, अजून पेटीत जायचे होते. तुम्ही जाताना फुग्याला सांगितलंत, रिलेतली कॉइल देणारा बदललाय, नवीन माल आहे, उद्यापर्यंत थांबा. तुम्ही कोपऱ्यावर वळला नाहीत तोवर तो आमच्याकडे आला. म्हणाला, संध्याकाळी गाडी येणार, चोवीस नग भरून तयार पाहिजेत. नसले तर थांबामास्तरांनी उद्यापासून घरीच थांबावं. आणि मग माझ्या बेंचकडे बघत म्हणाला, कुणी काही करत असेल तर मी बघत नाही. आणि खरंच खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

मी डावरी. माझ्या हाताने शेपटी डावीकडे जाते. म्हणून रिले उलटा धरायचा, ठिपका द्यायचा, परत सुलटा करायचा. शेपटी बरोब्बर उजवीकडे. चोवीस ठिपके, वीस मिनिटं. वाटलं, बाबांची नोकरी वाचली. चार वर्षांत एक रिले अडकला नाही, आजच काय अडकतोय? तुम्हाला कधीतरी सांगेन आणि तुम्ही टपली माराल. दुसऱ्या दिवशी रिकामं टेबल बघून तुम्ही विचारलंत, तर फुगा म्हणाला, तुम्हीच तर ठिपके देऊन गेलात.

घ्या. सांगितलं. आता मोकळं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

म्हणजे दोष फुग्याचा आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी तुमच्यासाठी केलं. तुम्ही रागवा, पण घरी येऊन रागवा.

केंद्र डागडुजीसाठी बंद आहे. एकवीस तारखेला सुरू होणार, मावशीचा पोरगा सांगत होता. एकदा सुरू झालं की रिले बसवलेल्या आतल्या पेट्या वर्षभर कुणी उघडत नाही.

अजून थोडं सांगायचं राहिलंय. तुम्ही एकवीसच्या आधी याल का?

चिमटी


१९ मे

बाबा,

या पाकिटावर ठिपका नाही. ज्याने तपासलं त्यानेच ठिपका द्यायचा. मी आयुष्यात काही तपासलेलं नाही. नुसता गोंद लावलाय.

मागची पत्रं तुम्ही वाचलीत की नाही, माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, आणि विनोद न करता. जमेल तेवढं.

तुम्ही काहीच विसरला नव्हता.

हे पुन्हा लिहिते. तुम्ही काहीच विसरला नव्हता. तुमचं डोकं एकदम शाबूत आहे. ते मी बिघडवलं.

जानेवारीतले ते सहा रिले आठवतात? पंपांच्या खोलीसाठीचे. तुम्ही ते सकाळी टेबलावर काढून ठेवलेत आणि फुग्याने तुम्हाला ऑफिसात बोलावलं. मला लहर आली. बाटली उघडी होती. मी सहाही रिले उलटे धरून तुमचा ठिपका दिला आणि 'पास'च्या ट्रेमध्ये ठेवले. तुम्ही परत याल, आपलाच ठिपका बघून चक्रावाल, आणि मी ओरडेन, पकडलं! एवढाच बेत होता. पण तुम्हाला यायला उशीर झाला, मी डबा खायला गेले, आणि मावशी येऊन ट्रे घेऊन गेली.

मी आले तेव्हा तुम्ही पॅकिंगच्या टेबलाशी उभे होतात. खोका अर्धा बंद झाला होता. तुम्ही म्हणत होतात, मी हे पेटीत घातलेच नाहीत. मावशी म्हणाली, साहेब, ठिपका तुमचाच आहे की. तुम्ही एक रिले काढलात, बघितलात, आणि तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. म्हणालात, हो, माझाच आहे. मग तपासलाच असेल. हल्ली लक्षात राहत नाही. आणि कार्डावर सही केलीत.

तेव्हा माझ्या तोंडात 'पकडलं' अगदी जिभेवर होतं. पण मला वाटलं, बाबासुद्धा फसले! माझा ठिपका थांबामास्तरांनी ओळखला नाही! मी हे चार दिवस गादीत चघळलं. चार दिवसांत खोका केंद्रात पोचला. मग सांगायची भीती वाटली. आणि तुम्ही हातावर लिहायला लागलात.

एकतीस वर्षांत तुम्ही एकच चूक केलीत. स्वतःच्या डोक्यापेक्षा स्वतःच्या ठिपक्यावर जास्त विश्वास ठेवलात. आणि तो ठिपका माझा होता.

त्या सहांमुळे तुम्ही डॉक्टरकडे गेलात. तुम्ही डॉक्टरकडे गेलात म्हणून फुग्याने ती चोवीसची खेप रेटली, आणि तेही ठिपके मीच दिले, तुमची नोकरी वाचवायला म्हणून. चोवीस तुम्ही परत काढायला लावलेत. सहांबद्दल तुम्हाला वाटत राहिलं की तपासले होते, फक्त विसरलात. म्हणून ते तिथेच राहिले. मावशीच्या पोराच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हे मला रोज माहीत होतं. तो रोज 'पोचलो गं' म्हणायचा तेव्हा माहीत होतं.

परवा सकाळी मी केंद्राच्या गेटवर गेले. पहारेकऱ्याने विचारलं, कुणाला भेटायचंय? आणि माझ्या लक्षात आलं की मला जिराफचं नावच माहीत नाही. मी म्हटलं, उंच आहेत, मान अशी. तो म्हणाला, कळलं. चार तास बाकावर बसवलं. तुम्ही जवळ असतात तर म्हणाला असतात, बरं झालं, जन्मात एकदा तरी थांबलीस.

जिराफला आधी खरं वाटेना. म्हणाला, वडिलांना वाचवायला आलीस. मी म्हटलं, रंग द्या आणि एक रिले द्या. त्याच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांसमोर, उलटा धरून डाव्या हाताने दिला. त्याने तुमच्या ठिपक्याचा जुना फोटो काढून शेजारी ठेवला, भिंग लावलं. म्हणाला, शेपटी बरोबर आहे, पण जाड बाजू उलटी आहे. मग म्हणाला, तुझ्या वडिलांनी त्या दिवशी हेच बघितलं असणार.

बाबा, हेच मला खातंय. तुम्हाला दिसलं होतं? दिसलं म्हणून मला विचारलंत? का खरंच तुम्हाला तुमची खात्री नव्हती, आणि मी 'नाही लावली' म्हणेन किंवा 'मी केलं' म्हणेन अशी वाट बघत होतात? दोन्हींत मी सारखीच हरामखोर ठरते. पण तरी कळायला हवं असं वाटतं.

जिराफ म्हणाला, तोंडी नको, लिहून द्या. तुमच्यासारखंच. लिहिलं. खाली सही कर म्हणाला आणि मी पेन धरून बसले. तुमची सही येते, हेडमास्तरांची येते, फुग्याची येते. माझी अशी मी कधी केलीच नव्हती. नुसतं नाव लिहिलं, पहिलीच्या पोरासारखं.

सहाही काढले. सोळा तास शेकले. तपासायच्या वेळी मला बोलावलं, तुझे वडील कसं करतात ते दाखव म्हणून. चार चांगले निघाले. एक सव्वीसाव्याला अडकला. दुसरा चालत राहिला, चाळीस, पंचेचाळीस, आणि अठ्ठेचाळीसला जिराफने हात पुसले आणि म्हणाला, झालं.

मी म्हटलं, थांबा.

एकोणपन्नासाव्याला अडकला.

मला तुमची इतकी आठवण आली की मी त्या सगळ्या साहेबांच्या समोर खाली जमिनीवर बसले.

केंद्र एकवीसला सुरू होणार नाही. तुमच्या नावावरचं सगळं खोडणार आहेत, तसं लेखी येईल तुम्हाला. माझं काय करायचं ते ठरवतायत. ठरवू देत.

आईला काल सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी माझ्या हाताने त्यांना गोळ्या भरवल्या. नको म्हणायचे, तरी भरवल्या." निवडलेली भाजी आणि न निवडलेली तिने एकत्र केली आणि उठली.

गोळ्यांचं पाकीट मी नाल्यात टाकलं. घेऊ नका.

चिमटी


२४ जून

बाबा,

हे पत्र आईसाठी नाही, तुमच्यासाठी आहे, पण ती आता तुमच्याजवळ आत्याकडे आहे तर तिने वाचलं तरी चालेल. जाताना तिने चुलीपासून दारापर्यंत सगळं पुसलं आणि मला म्हणाली, मांजरीला वेळेवर घाल. स्वतःला सांभाळ असं म्हणाली नाही. मी वाट बघत होते, म्हणेल म्हणून.

कारखाना बंद आहे. फुगा माझ्या नावाने बोटं मोडतो. मोडू दे, मी त्याचं खिडकीबाहेर बघणंसुद्धा लिहून दिलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात. आरोप माझ्यावर पण आहे, त्याच्यावर पण.

मावशी रस्त्यात भेटली. मला वाटलं तोंड फिरवेल. ती थांबली आणि म्हणाली, "माझा पोरगा तिथे आहे, हे तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो."

"किती दिवस?"

मी मोजून सांगितलं. "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून. दीड महिना."

तिने मान हलवली, जसं काही मी भाजीचा भाव सांगितला. निघाली. चार पावलांवर तिचा फोन वाजला, तिने उचलला आणि 'पोचलास ना बाबा' म्हणाली. मी तिथेच उभी होते. मला जवळपास पाणीसुद्धा नव्हतं प्यायला.

आज सकाळी तुमचं पार्सल आलं.

टपालवाला सायकलवरून उतरला, पहिल्यांदाच. दोऱ्याने बांधलेली माझी पत्रं. पाकिटं तशीच्या तशी, एकही उघडलेलं नाही. जोडावरचे ठिपके अख्खे, शेपटीसकट. माल परत करताना आपण बांधतो तसं दोऱ्याला कार्ड, त्यावर तुमचं अक्षर. थरथर नाही कुठे. ओळ सरळ, तारीख बरोबर.

'ठिपका बनावट. परत. नग: चार.'

बाबा, मी खूप रडले. एवढं लिहिलं होतं मी. मांजरीचं, मावशीचं, त्या दिवसाचं. यातलं काहीच तुम्ही वाचलेलं नाही. तुम्ही नुसतं जोडाकडे बघितलंत आणि बाजूला ठेवलंत. पहिल्याच पाकिटावर ओळखलंत. म्हणजे त्या दिवशी भिंगाखालीही ओळखलं असणार. आणि तरी 'ठिपका माझाच' म्हणालात.

मग डोळे पुसले आणि कार्ड पुन्हा वाचलं. नग: चार.

मी पाच पाठवली होती.

पत्रं पुन्हा मोजली. दोरा सोडून, एकेक जमिनीवर मांडून मोजली. मांजर येऊन एकावर बसली, तिला उठवून मोजली. चारच आहेत. बिनठिपक्याचं त्यात नाही.

चुकून राहिलं असेल असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण तुमच्या हातून मोजण्यात चूक होत नाही. डॉक्टरला विचारा हवं तर.

या असं आता लिहीत नाही. पाकिटाला नुसता गोंद लावलाय. तुम्ही म्हणाल तोवर थांबते.

चिमटी